ब्लाउजला आतून खिसा

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागतो. मग टाके निघतात, जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी निघते, घरी जायची परवानगी मिळते. घरी कपाट उघडलं की कळतं, एकही ब्लाउज धड बसत नाही. तिशीतली मुलगी असेल तर दारात दूधवाला आला तरी आधी ओढणी शोधते.

घरचे म्हणतात, "जीव वाचला ना, मग झालं तर!" मायेनंच म्हणतात. पण त्यावर तिनं बोलायचं काय? नवऱ्यासमोर कपडे बदलायचे कसे, लग्न ठरत असेल तर मुलाला कधी सांगायचं, उद्या बाळ झालं तर दूध पाजता येईल का... सर्जनला विचारावं, तर ओपीडीत मागे ही रांग.

१९५२ साली न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर यांचा स्तन काढावा लागला. बऱ्या झाल्यावर त्या इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊन बसू लागल्या. जाताना अंगासरशी बसणारे कपडे घालायच्या, मुद्दाम. सोबत हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी. काही डॉक्टरांना ही लुडबुड वाटली. पण १९६९मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं हेच काम 'रीच टू रिकव्हरी' म्हणून हाती घेतलं, आणि पुढे ते देशोदेशी गेलं. आपल्याकडे तर हा आजार पुष्कळदा ऐन चाळिशीत, कधी त्याआधीच गाठतो; अशी बाई खाटेशी येणं इथे जास्तच गरजेचं.

आता हे पाहा. सुती धाग्यानं विणलेला, आत मऊ भरण घातलेला, कपड्याच्या आत ठेवायचा कृत्रिम स्तन. वजन जवळजवळ नाहीच. जखम हुळहुळी असते तोवर हाच बरा. सिलिकॉनचा वापरायचा तो जखम पुरती भरल्यावर. तो जड असतो, आणि असावाच; एक बाजू हलकी राहिली की खांदा कलतो, मान धरते. तो ठेवायला ब्लाउजला आतून मलमलीचा खिसा शिवायचा, गळा दोन बोटं वर घ्यायचा. हे एवढं शिंपिणीला सांगायलाही काहीजणींना महिने लागतात.

पोटाची चरबी किंवा पाठीचा स्नायू घेऊन, नाहीतर इम्प्लांट बसवून, स्तन पुन्हा घडवताही येतो. कधी त्याच ऑपरेशनमध्ये. कुणाला यातलं काहीच नको असतं, ती सपाट छातीवर टी-शर्ट घालून कामाला जाते.

आणि दुधाचं? उपचार संपल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं, तर दुसऱ्या बाजूनं पाजता येतं. मात्र केमोमुळे बीजकोशावर परिणाम होऊ शकतो. मूल हवं असेल तर बीजं गोठवून ठेवण्याचा विषय पहिल्या सलाइनच्या आधी काढावा लागतो, सासूबाई खोलीत असल्या तरी.