आईला आधी सांगितलं

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे जेनेटिक टेस्ट करून मला स्वतःला काय मिळालं तेवढंच सांगते.

माझा पार्किन्सन, म्हणजे कंपवात, ३४ व्या वर्षी सुरू झाला. सकाळी उठलं की डाव्या पायाचा अंगठा आपोआप वर वळायचा, पाऊल आत जायचं, दुखायचंही खूप. दोन वर्षं हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारल्या, मग न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सनवरच्या लेवोडोपा या औषधाची अर्धी गोळी दिली आणि मी तासाभरात सरळ चालायला लागले, तेव्हाच त्यांनी विचारलं, आईवडील नात्यातले आहेत का? आहेत. वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केली, आपल्याकडे किती घरांत असतं हे.

टेस्ट लगेच नाही केली. सगळे म्हणायचे गोळ्या त्याच राहणार, पैसे कशाला घालवतेस. आणि खरंच, गोळ्या आजही त्याच आहेत.

आधी केली ती थुंकी पाठवायची घरबसल्या टेस्ट. काही सापडलं नाही असा रिपोर्ट आला आणि मी तोच खरा धरून बसले. पुढे जेनेटिक काउन्सेलर मॅडमनी समजावलं की त्यात एलआरआरके२ आणि जीबीए या दोन जीन्समधल्या मोजक्याच जागा बघतात, पण तरुणपणी होणाऱ्या पार्किन्सनमध्ये बरेचदा पार्किन नावाचा जीन बिघडलेला असतो, आणि त्यात पुष्कळदा अख्खा तुकडाच गायब असतो, तो शोधायला एमएलपीए नावाची वेगळी तपासणी लागते. म्हणून सांगते, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आधी विचारा, नक्की काय काय बघितलंय? मग मी ती तपासणी केली, तर माझ्या पार्किनच्या दोन्ही कॉप्यांमधला तोच तुकडा गायब निघाला, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

सगळ्यांना असं उत्तर मिळत नाही हेही ऐकून ठेवा. अमेरिकेत पार्किन्सन्स फाउंडेशन या संस्थेने २०१९ मध्ये मोफत टेस्ट सुरू केली, तिथे साधारण १३ टक्के लोकांमध्येच काही सापडलं.

मला कळलं ते असं, की पार्किनवाल्यांचा आजार बहुतेक वेळा हळू सरकतो, स्मरणशक्ती सहसा शाबूत राहते. मी शाळेत गणित शिकवते, त्या एका वाक्यावर मी नोकरी सोडायचा विचार सोडला. आणि गोळ्यांमुळे अंग वळवळणं लवकर सुरू होऊ शकतं म्हणून डोस वाढवताना डॉक्टर आणि मी दोघंही जपून असतो.

मुलगी १७ ची आहे. तिने एकदाच विचारलं होतं, आई मला पण होणार का, आणि मी तेव्हा विषय बदलला होता. आता सांगता आलं, की माझ्याकडून तुला एक बिघडलेली कॉपी आलीच आहे, पण हा आजार व्हायला दोन लागतात, तुझे बाबा नात्यातले नाहीत, म्हणून तुला माझ्यासारखा होण्याची शक्यता फार कमी. ती काहीच बोलली नाही, माझ्याशेजारी येऊन झोपली.

आईचं अवघड होतं. इतकी वर्षं ती म्हणायची, तू पोटात असताना मला ताप आला होता त्यानेच झालं. रिपोर्ट ऐकल्यावर म्हणाली, म्हणजे आमचं लग्नच चुकलं. मी गप्प झाले. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, आजी, तुमचं लग्न कधी झालं? आई म्हणाली, १९७९. मॅडम म्हणाल्या, हा जीन जपानी लोकांनी शोधला १९९८ मध्ये, तुम्हाला कोण सांगणार होतं? आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, तापाचं पण नाही ना? नाही म्हणाल्या. घरी येताना रिक्षात रडली, पण तापाचं पुन्हा कधी काढलं नाही.

भावाने मात्र टेस्ट नाही केली. त्याला माझ्यासारखा आजार असण्याची शक्यता चारात एक होती, तो आता ४१ चा आहे, काही त्रास नाही. ताई, मला नाही बघायचं, म्हणाला. मी एकदा आग्रह केला, त्याने पुन्हा नाही म्हटलं, मग मी थांबले. माझा रिपोर्ट त्याच्या कपाटात पाकिटात बंद आहे, त्याला वाटेल तेव्हा उघडेल.