खिशातला बाक

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक साधी तपासणी करतात. काउंटरच्या काचेवर फोन पालथा ठेवायचा आणि त्याच्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाब द्यायचा. फोन सपाट असेल तर तो गप्प राहतो. त्याला बाक आलेला असेल, तर एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा तो डुगडुगतो आणि काचेवर टकटक असा आवाज होतो. माझ्या भाच्याच्या फोनचा तो आवाज ऐकला तेव्हा त्याच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "मामा, शपथ सांगतो, मी याच्यावर कधीच बसलो नाही." दुकानदाराने मान वर न करता विचारले, "मागच्या खिशात ठेवता ना?" त्यावर भाचा काही बोलला नाही. तो रोज एसटीने कॉलेजला जातो, थांब्यावरच्या लाकडी बाकावर बसून गाडीची वाट पाहतो, आणि बाकावर बसून फोनला बाक आला हा मराठी भाषेने केलेला विनोद त्या वेळी त्याला ऐकवण्याची माझी हिंमत झाली नाही.

आजचे स्मार्टफोन वाकणार नाहीत इतके मजबूत असतात का, हा वाद मग त्या काउंटरवरच सुरू झाला. खिशात ठेवण्यासाठी विकलेली वस्तू खिशात टिकलीच पाहिजे, असे भाच्याचे म्हणणे. तर कारखान्यातल्या यंत्रावर सगळेच फोन पास होतात, नापास होतात ते आमच्या टेबलावर, असे दुकानदाराचे. मी अनेक वर्षे तंत्रनिकेतनात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे कोणती वस्तू किती भार सोसते, हा विषय शिकवला असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला, आणि मी जे सांगितले ते दोघांनाही फारसे रुचले नाही. फोन किती वजनाखाली वाकतो हे मोजणे सोपे असते, म्हणून चर्चा त्याचीच होते. परंतु तो दिवसातून किती वेळा किंचित वाकून पुन्हा सरळ होतो आणि त्या ये-जा करण्यात आत काय निखळते, हा खरा प्रश्न मोजायला अवघड असल्यामुळे बाजूलाच राहतो.

या वादाची जन्मतारीख सांगता येते. 19 सप्टेंबर 2014 रोजी ॲपलचे आयफोन 6 आणि 6 प्लस बाजारात आले. पहिल्याची जाडी 6.9 मिलिमीटर, दुसऱ्याची 7.1. काही दिवसांतच पँटच्या खिशात वाकलेल्या 6 प्लसची छायाचित्रे जगभर फिरू लागली, एका यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर नुसत्या हातांनी तो फोन वाकवून दाखवला, आणि या प्रकरणाला 'बेंडगेट' असे नाव पडले. फक्त नऊ ग्राहकांनी तक्रार केली आहे, असे कंपनीने सांगितले. त्यानंतर अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने निरनिराळे फोन दोन आधारांवर आडवे ठेवून मध्यभागी यंत्राने दाब दिला. आयफोन 6 सुमारे 32 किलो वजनाला कायमचा वाकला, 6 प्लसने सुमारे 41 किलो सोसले, आधीचा आयफोन 5 सुमारे 59 किलोपर्यंत टिकला आणि प्लास्टिकच्या पाठीचा सॅमसंग गॅलेक्सी नोट 3 तर 68 किलोपर्यंत. एचटीसीचा वन एम 8 हा धातूचा देखणा फोन मात्र आयफोन 6 इतक्याच वजनाला वाकला होता, पण त्याची थट्टा कोणी केली नाही. बदनामीसुद्धा शेवटी नामवंतांच्याच वाट्याला येते.

या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्र सगळा भार मध्यावरच्या एका रेषेवर टाकते. तेवढाच भार फोनच्या सगळ्या लांबीवर सारखा पसरला, तर मध्याला वाकवणारा जोर नेमका निम्मा होतो. गादीच्या खुर्चीवर बसताना भार असाच पसरतो, शिवाय शरीराचे सगळे वजन काही फोनवर येत नाही. त्यामुळे साठ-सत्तर किलोचा माणूस चुकून फोनवर बसला की फोन वाकलाच पाहिजे, असे मुळीच नाही. लाकडी बाकावर मात्र खालून गादी दबत नाही, वरून बैठकीचे हाड एका जागी रेटते, आणि खिशातला फोन थोडा जरी आडवातिडवा असला तरी त्याची दोन टोके आधार बनतात. मग टोकांना दोन आधार आणि मध्ये दाब, अशी यंत्रावरची ती चाचणी खिशातच उभी राहते.

आता घरात प्लास्टिकची फूटपट्टी असेल तर ती हातात घ्या. आडवी धरून दोन्ही टोके दाबली की ती सहज वाकते. तीच कडेवर उभी धरून वाकवायला जा, दाद देत नाही. साहित्य तेच, वजन तेच, बदलली ती वाकण्याच्या दिशेतली जाडी. पट्टीची ताठरता या जाडीच्या घनाप्रमाणे वाढते किंवा घटते, म्हणजे जाडी निम्मी केली की ताठरता एक अष्टमांश उरते. फोनच्या जाडीतला एखादा मिलिमीटर जाहिरातीत किरकोळ वाटतो, पण या घनामुळे त्याची किंमत फार मोठी असते. त्यातच कडेच्या पट्टीला आवाजाच्या बटणांसाठी भोके पाडावी लागतात आणि भोकाच्या कडेला ताण गोळा होतो. आयफोन 6 प्लस नेमका तिथेच, बटणांच्या आसपास वाकत असे. दुसऱ्या वर्षी, 6 एस मालिकेत, कंपनीने झिंक मिसळलेले 7000 मालिकेचे ॲल्युमिनियम वापरले आणि दोन्ही फोन प्रत्येकी 0.2 मिलिमीटरने जाड केले. जाहीर सभेत चूक कबूल करण्यापेक्षा मिश्रधातू बदलणे अधिक सोयीचे असावे.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. जी तितकीशी ठाऊक नाही, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. 2016 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या दुरुस्तीच्या दुकानांत 6 प्लसचे असे फोन येऊ लागले, की जे डोळ्यांना अगदी सरळ दिसत, पण ज्यांच्या पडद्याच्या वरच्या कडेला करडी पट्टी लुकलुकत असे आणि काही दिवसांनी स्पर्शच कळेनासा होई. पडदा बदलला तरी दोष जात नसे. फोन किंचित पिळला की स्पर्श परत येई, आणि या खुणेवरूनच दुखणे सापडले. स्पर्श ओळखणाऱ्या दोन चिप, ज्यांना आपले कारागीर टच आयसी म्हणतात, मदरबोर्डवर, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किटच्या पट्टीवर, सोल्डरच्या (डाखाच्या) बारीक गोळ्यांनी बसवलेल्या होत्या. कवच लवले की बोर्ड लवे, बोर्ड लवला की त्या गोळ्यांवर ताण येई, आणि दोन वर्षांच्या अशा उठाबशांनंतर त्यांना तडे जात. लोखंडी तार आपण एका झटक्यात तोडू शकत नाही, पण इकडून तिकडे दहा-वीस वेळा वाकवून तोडतो. प्रकार तोच, फक्त इथे तारेच्या जागी मोहरीहून लहान सोल्डर होते. नोव्हेंबर 2016 मध्ये कंपनीने 149 डॉलर घेऊन हा दोष दुरुस्त करण्याची योजना काढली, मात्र फोन कठीण जमिनीवर अनेकदा पडून नंतर त्यावर आणखी ताण आल्यामुळे असे घडते, अशी भूमिका घेतली. 2018 मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले, की 6 प्लस हा आधीच्या 5 एसपेक्षा वाकण्याची शक्यता 7.2 पट अधिक असल्याचे कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांतच दिसले होते, आणि मे 2016 पासून त्या चिपखाली इपॉक्सी या घट्ट धरणाऱ्या गोंदाची भर घालायला गुपचूप सुरुवातही झाली होती.

म्हणजे 41 किलोचा आकडा खरा होता आणि तरीही निरुपयोगी होता. त्या फोनला मारणारा भार त्याहून कितीतरी कमी होता, फक्त तो हजारो वेळा आला.

बोर्डाखेरीज आत आणखी एक अवयव असा आहे, ज्याला वाकणे मानवत नाही, आणि तो म्हणजे बॅटरी. लिथियम बॅटरीत धन आणि ऋण पत्रे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कागदाहूनही पातळ पडदा असतो. 2016 मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट 7 परत मागवावा लागला, त्याची जी कारणे कंपनीने जानेवारी 2017 मध्ये जाहीर केली, त्यांतले एक असे होते की एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यातले ऋण पत्र दुमडले जात होते. कोपऱ्यातल्या एवढ्याशा दुमडीने आग लागू शकते, तर अख्ख्या फोनच्या बाकाने काय होईल याचा अंदाज करावा. म्हणून आमच्या दुकानदाराने भाच्याला जे बजावले ते मी जसेच्या तसे सांगतो, "गुडघ्यावर घेऊन सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. देऊ नका. वाकताना एकदा मार बसला, सरळ करताना दुसऱ्यांदा बसतो." त्यानेच आणखी एक गोष्ट दाखवली. बाक बाहेरूनच येतो असे नाही. जुनी बॅटरी फुगली की ती पडद्याला आतून उचलते आणि फोन तसाच डुगडुगतो. कडेला पडदा आणि चौकट यांच्यामध्ये फट दिसली, तर दोष खिशाचा नसून बॅटरीचा असण्याची शक्यता अधिक, आणि असा फोन चार्जिंगला लावू नये.

आता सध्याच्या फोनांकडे येतो, कारण मधली काही वर्षे फोन जाड होत गेले आणि हा वाद थंडावला होता. 2025 मध्ये बारीक होण्याची हौस पुन्हा आली. सॅमसंगचा गॅलेक्सी एस 25 एज 5.8 मिलिमीटरचा, आणि सप्टेंबरात आलेला आयफोन एअर 5.6 मिलिमीटरचा. फूटपट्टीचा हिशोब लावला, तर साहित्य तेच ठेवून 7.1 वरून 5.6 वर येणे म्हणजे ताठरता जवळपास निम्मी करणे होय. अर्थात साहित्य तेच ठेवलेले नाही. दोन्ही फोनांची चौकट टायटॅनियमची आहे, आणि हा धातू ॲल्युमिनियमच्या दीडपट ताठर तर आहेच, शिवाय कायमचा बाक येण्यापूर्वी कितीतरी अधिक ताण सोसतो. म्हणजे असा फोन लवेल, पण सोडला की परत सरळ होईल. भाच्याला हे ऐकून आनंद झाला. मला तितकासा झाला नाही, कारण लवून सरळ होणे हीच तर सोल्डरची जुनी व्यथा आहे.

परंतु न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एअरची रचना करणाऱ्यांनी मदरबोर्ड फोनच्या मध्यभागी ठेवलेला नाही. कॅमेऱ्याशेजारच्या उंचवट्यात, अगदी वरच्या टोकाला तो बसवला आहे, आणि खालचा बहुतेक भाग बॅटरीने व्यापला आहे. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीत वाकवणारा जोर मध्यावर सर्वाधिक आणि टोकांकडे शून्याला जाणारा असतो, आणि त्याची त्रिकोणी आकृती मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो. तो त्रिकोण कोणीतरी ध्यानात ठेवलेला दिसतो. ताण मग बॅटरीच्या वाट्याला अधिक येणार, हेही त्याच त्रिकोणात लिहिलेले आहे.

ग्राहकाला दुकानात यातले काय कळते? आयपी 68 हे पाण्याचे आणि धुळीचे प्रमाणपत्र आहे, त्याचा वाकण्याशी संबंध नाही. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून फोनवर जे नवे लेबल बंधनकारक केले, त्यावर फोन किती वेळा पडला तरी चालेल, बॅटरी चार्जिंगची किती आवर्तने टिकेल, दुरुस्ती कितपत सोपी आहे, एवढे सगळे छापलेले असते. खिशात तो किती लवेल याचा रकाना तिथेही नाही.

भाच्याने तो फोन बदललेला नाही. तो आता शर्टाच्या खिशात असतो आणि त्याचा स्पर्श अजून चालतो. पुढचा फोन एअरच घ्यायचा असे त्याने ठरवले आहे आणि माझे मत विचारले आहे. 6 प्लसचे दुखणे दुकानांच्या टेबलावर यायला दोन वर्षे लागली होती, म्हणून मी त्याला सप्टेंबर 2027 पर्यंत थांबायला सांगितले, आणि तोपर्यंत त्या दुकानदाराकडे अधूनमधून चक्कर मारून काउंटरवर काय डुगडुगते ते पाहत जा, असेही सांगितले. तो थांबेल असे वाटत नाही.

नमस्कार.