सहा मिलिमीटरची होडी

(घरी होडी बांधण्याविषयी ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मंचावर ही जी प्लायवूडची शीट आहे ती आठ बाय चार फुटांची, सहा मिलिमीटर जाडीची. दोघांनी दोन टोकं धरून आडवी उचलली की मधे झोळ पडतो. आता तिच्यातूनच कापलेल्या या दोन पट्ट्या बघा. दोन्हींना मी बाक देतो आणि कडेला कड लावून तारेनं बांधतो. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी वर या आणि दाबून बघा. हं, अजून जोर लावा. हलत नाही ना?

लाकूड तेच, जाडीही तीच. होडीची ताकद तिच्या आकारात असते, ही गोष्ट तुमच्या हाताला पटावी म्हणून हा खटाटोप केला. तो आकार साध्या सुतारी हत्यारांनी, ठाण्यातल्या एखाद्या इमारतीच्या पार्किंगमध्येही देता येतो. आज मी बोलणार आहे ते यावरच.

लाकडी जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड सागवान येतं, आणि त्याला कारणही आहे. आपण राहतो तो सगळा पट्टा जहाजांचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविक वृत्तांतात कल्याण बंदराचं नाव येतं. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची बांधणी याच खाडीत सुरू झाली. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधली. त्यांनी १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षं उलटून गेली तिला! मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. पण तसलं काम गोदीचं, शेकडो माणसांचं आणि अख्ख्या जंगलाचं असतं. घरी बसून ते होणार नाही.

घरचा मार्ग मोकळा केला तो पाण्यात न सुटणाऱ्या गोंदानं. तो आल्यावर प्लायवूड होडीला चालू लागलं. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्यानं मुलांसाठी एक शिडाची होडी आखली. आठ बाय चारच्या दोन शीटमध्ये बसेल अशी. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. लांबी पावणेआठ फूट. आठ फुटी शीटमधून याहून फार मोठी निघणारच नव्हती. शीटच्या मापानं होडीचं माप ठरलं, आणि आज जगभरची मुलं त्याच मापाच्या होडीत शीड धरायला शिकतात.

दुसरी होडी मिरर. १९६२-६३ मध्ये इंग्लंडमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती तयार केली. बकनेल टीव्हीवर लोकांना घरच्या घरी सुतारकाम शिकवायचे. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं तुकडे एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर काचेच्या धाग्यांची पट्टी राळेत बुडवून चिकटवायची, अशी तिची रीत. कणा नाही, आतून लावायची जड बाकदार लाकडं नाहीत. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बांधल्या.

होडी शिवणं आपल्या समुद्राला नवं नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेली 'कौंडिण्य' ही नौका मे २०२५ मध्ये कारवारला आपल्या नौदलात दाखल झाली. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत, खिळा वापरलेला नाही. मिररमध्ये तार असते ती फक्त आकार धरून ठेवायला. सांधा पक्का झाला की तिचं काम संपतं. कौंडिण्यात शिवण हाच सांधा असतो. हा फरक मोठा आहे, तरी फळीला फळी शिवून आकार उभा करायचा ही बुद्धी एकच.

आता कामाकडे येऊ. प्लायवूड घेताना शीटवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का बघा. हे मरीन प्लाय. त्याचा नमुना ७२ तास पाण्यात उकळला तरी थर सुटता कामा नयेत, अशी त्या मानकाची चाचणी आहे. फर्निचरसाठीचं साधं प्लाय आयएस ३०३ चं, ते होडीला घेऊ नका. दुकानदार म्हणेल, "चालतंय की." नाही चालत. शीट घेताना चारही कडा डोळ्यांखालून घाला. आतल्या थरात पोकळी दिसली तर शीट परत करा, कारण वाक देताना ती नेमकी तिथेच मोडते. डोलकाठीला वखारीतून सरळ रेषांचं, गाठ नसलेलं पाइन निवडून घ्या. निवडायला वेळ लागतो, वखारवाला वैतागतो, तरी निवडाच.

आणि सगळ्यांच्या आधी दाराचं माप घ्या. ऑप्टिमिस्ट आडवी करून तीन फुटी दारातून निघते, लिफ्टमध्ये मात्र जात नाही. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर जिन्याच्या वळणाचंही माप घ्या. त्यापेक्षा सोसायटीला विचारून तळमजल्याचा एक कोपरा तीन महिन्यांसाठी मिळवा. मुलं बघायला येतात, म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसतात, आणि पॉलिश पेपर मारायला हात मिळतात.

यातलं मला सर्वांत प्रिय काम म्हणजे रेघ काढणं. होडीच्या नकाशात प्रत्येक तुकड्याची मापं दिलेली असतात. अमुक अंतरावर कड इतकी वर, पुढच्या अंतरावर तितकी वर. ती मापं शीटवर ठिपक्यांनी मांडायची, प्रत्येक ठिपक्यावर बारीक खिळा ठोकायचा आणि त्या खिळ्यांना टेकवून एक लांब, लवचीक लाकडी पट्टी वाकवायची. पेन्सिल लावण्याआधी जमिनीवर बसा, गाल शीटला टेकवा आणि एक डोळा मिटून त्या पट्टीवरून बघा. वळण कुठे अडखळतंय का? कुठे सपाट पडतंय का? पडत असेल तर तिथला खिळा काढा. पट्टीला आपली वाट घेऊ द्या. आकडा लिहिताना किंवा वाचताना चुकलेला असू शकतो. चांगल्या लाकडाची पट्टी सहसा चुकत नाही. मग डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा बोटाला लागतो. हे मी कितीतरी मुलांकडून करून घेतलं आहे, आणि मोठ्यांपेक्षा मुलांचं बोट जास्त खरं सांगतं असं माझं ठाम मत आहे.

एवढा आग्रह कशासाठी? कारण पाणी त्याच रेषेवरून वाहणार आहे, आणि प्लायवूडवर ताणही त्याच रेषेतून पसरणार आहे. वळण जिथे अडखळतं तिथे ताण साठतो. सुबक दिसणारी रेघ मजबूतही असते ती त्यामुळेच.

डावी बाजू कापली की तिच्यावरूनच उजवी आखा. दोन्ही एकावर एक शिकंज्यात धरून रंधा मारला की जोडी एकसारखी होते. कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, वीतभराच्या अंतरानं भोकं पाडा, तार ओवा, पकडीनं पीळ द्या. आधी सैलच बांधा. सगळे तुकडे जागेवर आले की मग थोडं थोडं आवळत जा. त्या घटकेला सपाट लाकडाची होडी होते. इतकी वर्षं बघतो आहे, तरी तो क्षण आला की माझे हात थांबतात.

इथे घाई करू नका. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या फळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणा, ओळंबा सोडा. पुढच्या आणि मागच्या टोकावर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मागून बघा. दोन्ही पट्ट्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. एक जरी तिरकी दिसली तर होडीला पीळ आहे. आत्ता एका टोकाखाली पाचर सारून तो पाच मिनिटांत निघतो. सांध्यांना लावायचं एपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळलेली राळ, घट्ट झाल्यावर तो कायमचा, आणि अशी होडी आयुष्यभर एका बाजूला ओढते.

एपॉक्सीच्या बाबतीत ठाण्याची हवा लक्षात घ्या. राळ आणि हार्डनर वजनानं मोजूनच मिसळा; प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, अंदाजानं ओतू नका. मिश्रण स्वतःच तापतं. खोल डब्यात भरपूर कालवलं तर मे महिन्यात बघता बघता धूर निघून दगड होतो. म्हणून थोडं थोडं करा, पसरट ताटलीत ओता, पहाटे काम करा. पावसाळ्यात उलटी अडचण येते. दमट हवेत वाळणाऱ्या एपॉक्सीवर मेणचट थर जमतो, आणि त्यावर पुढचा हात दिला तर तो धरत नाही. तो थर साध्या पाण्यानं धुऊन, वाळवून, मग घासायचा. जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच सांधे करा. हातमोजे आणि मास्क घालाच. त्वचेला एकदा एपॉक्सीची ॲलर्जी झाली की बहुतेकांना ती सोडत नाही. शेवटी वरून रंग किंवा वॉर्निश हवंच, कारण उघडं एपॉक्सी उन्हानं खराब होतं.

शीड, सुकाणू आणि मधून पाण्यात सोडायची फळी यांवर वेगळं व्याख्यान लागेल. ही मधली फळी होडीला आडवी वाहू देत नाही, म्हणून वाऱ्याच्या तिरकस विरुद्धही जाता येतं. आपल्या खाड्या उथळ आणि चिखलाच्या, तेव्हा ती पटकन वर ओढता यायला हवी. होडीत हवेच्या पिशव्या बांधून ठेवा, म्हणजे उलटली तरी बुडत नाही.

एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: "होडी बांधली, पण उतरवायची कुठे?"

योग्य प्रश्न. आधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात विचारा. ऐरोली ते वाशीदरम्यान फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे; तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय शिरू नका. कुठेही तिवरं तोडून वाट काढायची नाही. धक्का आहे तिथूनच उतरा. चेंदणी असो, दिवाळे असो, कोळीवाड्यात जाऊन तिथल्या दादांना विचारा. नारळी पौर्णिमेच्या आधी जा, होड्यांची डागडुजी चाललेली असते. त्यांना तुमची होडी दाखवा. सांधा कुठे कच्चा आहे, पाणी कुठून शिरेल, हे ते उभ्या उभ्या सांगतात. आपल्याकडे होडी समजणारी माणसं इतक्या जवळ असताना त्यांना न विचारता पाण्यात जाणं मला अजिबात पटत नाही.

दिवस निवडताना तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते, आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मिळते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ओढ जोराची. पहिल्या खेपेला ते टाळा. दशमीच्या सुमाराला भांग असते, पाणी कमी चढतं आणि ओढही मंद. पाणी चढतं असतानाच उतरा, म्हणजे चिखलात रुतलात तरी तेच पाणी तुम्हाला उचलेल. भरती साडेसातला तर साडेसहाला धक्क्यावर हजर. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा हलका असतो, तरी त्या दिवशी शीड घरीच ठेवा. लाइफ जॅकेट, दोन वल्ही, पाणी उपसायला एक डबा, आणि काठावर लांब दोरी धरून एक माणूस. अर्धा तास वल्हवा आणि सांधे आतून हातानं चाचपा. कोरडे लागले तर पुढच्या भांगेला डोलकाठी घेऊन या.