अंतर किती? इंग्रजी भाषकाला सोप्या जाणाऱ्या भाषांविषयी

श्रोतेहो, इंग्रजी बोलणाऱ्याला सर्वांत सोपी परकी भाषा कोणती, हा प्रश्न मला दरवर्षी जून महिन्यात, प्रवेशाच्या धांदलीत, हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्या पालकांना एका शब्दात उत्तर हवे असते आणि तसे उत्तर माझ्याजवळ आहेही : नॉर्वेजियन. पण ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडतो, कारण ती शिकवणार कोण आणि शिकल्यावर बोलायची कोणाशी, हे पुढचे प्रश्न लगेच उभे राहतात. त्या एका शब्दाच्या मागे काय आहे, तेवढेच आज मांडणार आहे.

या विषयात अंदाजपंचे बोलण्याची गरज नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची 'फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट' ही संस्था १९४७ पासून परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवीत आली आहे. हे विद्यार्थी नोकरीचा भाग म्हणून शिकतात; वर्ग लहान असतो, आठवड्याला सुमारे पंचवीस तास शिकवणी होते आणि घरचा अभ्यास वेगळा. अशा माणसाला शून्यापासून सुरुवात करून कामकाजाच्या बैठकीत बोलता यावे आणि वर्तमानपत्र वाचता यावे इतकी भाषा येण्यास किती आठवडे लागतात, याचा हिशेब त्या संस्थेने अनुभवावरून मांडला आहे. स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, फ्रेंच, रुमानियन, डच, डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन या भाषांना २४ ते ३० आठवडे, म्हणजे ६०० ते ७५० तास पुरतात. जर्मन, इंडोनेशियन, मलय, स्वाहिली यांना ३६ आठवडे लागतात. रशियन, तुर्की, फिनिश, थाई, बंगाली आणि आपली हिंदी यांना ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास. आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना ८८ आठवडे, २२०० तास. हिंदीला ११०० तास लागतात हे सांगितले की आपल्याकडे हशा पिकतो. दूरदर्शनसमोर बसून हिंदी शिकलेल्या समाजाला ते साहजिकच गमतीचे वाटते.

तो हशा हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. सोपेपणा एखाद्या भाषेच्या अंगी मुळातच असतो असे आपण धरून चालतो. वास्तविक तो तुमच्या भाषेपासून त्या भाषेपर्यंतच्या अंतरावर ठरतो. इंडोनेशियन भाषा पाहा. तिला लिंग नाही, काळानुसार क्रियापद बदलत नाही, लिपी रोमन आहे आणि अनेकवचन हवे असेल तर शब्द दोनदा म्हटला की पुष्कळदा भागते : 'ओरांग' म्हणजे माणूस, 'ओरांग-ओरांग' म्हणजे माणसे. व्याकरणाच्या दृष्टीने ती स्पॅनिशपेक्षा कितीतरी साधी आहे. तरीही अमेरिकी अधिकाऱ्याला ती स्पॅनिशपेक्षा जास्त आठवडे घेते, कारण बहुतेक प्रत्येक शब्द त्याला नव्याने पाठ करावा लागतो. आपल्यापैकी कोणी तीच भाषा शिकू लागला तर 'बहासा' म्हणजे भाषा, 'सुआमी' म्हणजे नवरा, 'इस्त्री' म्हणजे बायको, 'कपाला' म्हणजे डोके असे संस्कृतातून तिकडे गेलेले शब्द त्याला पहिल्याच आठवड्यात ओळख देतात.

आता इंग्रजीचे अंतर कोणापासून कमी आहे ते पाहू. तिला माहेर दोन आहेत असे म्हटले तर चालेल. एक जन्माचे आणि दुसरे मानलेले. पाचव्या शतकाच्या सुमारास उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरून अँगल आणि सॅक्सन टोळ्या ब्रिटनमध्ये आल्या आणि त्यांच्या बोलीतून इंग्रजी घडली. म्हणून त्या किनाऱ्यावरच्या फ्रिजियन आणि डच या भाषा तिच्या सख्ख्या बहिणी. जर्मनही बहीणच, परंतु दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत पुढे व्यंजने बदलली आणि तिथून अंतर वाढले. इंग्रजी 'वॉटर' डचमध्ये 'वाटर'च राहिले, जर्मनमध्ये 'वासर' झाले. 'टेन'चे डचमध्ये 'टीन', जर्मनमध्ये 'त्सेन'. 'ॲपल'चे 'आपल' आणि 'आप्फेल'. त्यात जर्मनने चार विभक्ती आणि तीन लिंगे सांभाळून ठेवली. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी हे ऐकून इंग्रजी विद्यार्थी कपाळाला हात लावतो. तो चमचा, ती सुरी, ते ताट असे जन्मापासून म्हणणाऱ्या मराठी मुलाला त्यात नवल वाटत नाही. कोणाचे लिंग कोणते एवढेच त्याला घोकावे लागते.

नॉर्वेजियन ही चुलत बहीण. ती पहिल्या क्रमांकावर का, तर आठव्या-नवव्या शतकापासून उत्तरेकडचे व्हायकिंग, म्हणजे नॉर्वे-डेन्मार्ककडचे दर्यावर्दी, इंग्लंडच्या पूर्व भागात नुसते लुटालूट करून गेले नाहीत, तेथे शेती करून राहिले आणि इंग्रजीत आपले शब्द सोडून गेले. 'स्काय', 'एग', 'नाइफ', इतकेच काय 'दे' आणि 'देम' ही सर्वनामेसुद्धा त्यांचीच. 'विंडो' हा शब्दही त्यांचा. मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. आपल्या 'गवाक्षा'तही डोळाच आहे, फक्त तो गाईचा.

एक वाक्य जवळून पाहू. "मला मदत करशील का?" हे नॉर्वेजियनमध्ये "कान दु येल्पे मै?" असे होते. इंग्रजी माणसाने "कॅन यू हेल्प मी?" हे शेजारी ठेवले तर चारही शब्द त्याच क्रमाने, जवळपास त्याच रूपात समोर येतात. क्रियापदाची तर गंमतच आहे. इंग्रजीला 'ॲम', 'आर', 'इज' अशी तीन रूपे लागतात. नॉर्वेजियनमध्ये मी, तू, तो, आम्ही, सर्वांना एकच 'एर'. या बाबतीत ती खुद्द इंग्रजीहूनही सोपी आहे. अडचणी आहेत, नाहीत असे नाही. 'काल' सारखा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला की क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारते. लेखनाच्या दोन प्रमाण पद्धती आहेत आणि प्रत्येक दरीखोऱ्याची बोली वेगळी. सुराचाही फरक असतो : शेतकरी आणि घेवडे या दोन्हींसाठीचा शब्द कानाला 'ब्योनर' असाच लागतो, केवळ सुराच्या चढउतारावरून कळते की माणसे आली आहेत की भाजी.

डॅनिश लिहिलेली पाहिली तर नॉर्वेजियनची जुळी वाटते, पण बोलताना ती निम्मे उच्चार गिळते आणि तिची संख्यामोजणी इंग्रजी विद्यार्थ्याची कसोटी पाहते. पन्नासला डॅनिशमध्ये 'हाल्ट्रेस' म्हणतात, म्हणजे मुळात 'अर्धा तिसरा गुणिले वीस'. वर्गात हे सांगितले की इंग्रजी माध्यमाची मुले हताश होतात. त्यांना मी म्हणतो, घरी आजीला विचारा. आपला 'अडीच' हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' यापासूनच आला आहे. दोन पूर्ण आणि तिसऱ्याचे अर्धे. अडीच विसा पन्नास, झाले. सत्तरला डॅनिश माणूस 'अर्धा चौथा' वीस म्हणतो, आणि तो 'अर्धा चौथा' म्हणजे आपल्या जुन्या पाढ्यांतली औटकी, साडेतीन. 'औट घटकेचे राज्य' या शब्दप्रयोगातला औट तोच. नॉर्वेने मात्र १९५१ मध्ये संसदेच्या ठरावाने आपली मोजणी बदलली. टेलिफोन क्रमांक सांगताना घोळ होतो म्हणून 'पाच-आणि-वीस' ऐवजी 'वीस-पाच' म्हणावे असे ठरले. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आले तेव्हा किती गदारोळ झाला ते आपणा सर्वांना आठवत असेल. नॉर्वेत इतक्या वर्षांनंतरही जुन्या पद्धतीने मोजणारी माणसे भेटतात.

आता मानलेले माहेर. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके दरबार, न्यायालय आणि खानदानी मुदपाकखाना फ्रेंच बोलू लागला. गोठ्यातली गाय 'काउ'च राहिली, ताटात मात्र तिचे 'बीफ' झाले. पुढे विद्येच्या मार्गाने लॅटिन आली. परिणामी आज इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच किंवा लॅटिन वंशाचे आहेत. म्हणून अमेरिकी अधिकारी स्पॅनिश वर्तमानपत्र हाती घेतो तेव्हा राजकारण, अर्थकारण, कायदा यांवरचे मथळे त्याला अर्धेअधिक उमगतात. 'नेशन'चे 'नासिओन', 'कॉन्स्टिट्यूशन'चे 'कॉन्स्तितुसिओन' होते एवढी किल्ली मिळाली की शेकडो कुलपे उघडतात. मात्र त्याच वर्तमानपत्रातली पाककृती त्याला वाचता येत नाही, कारण पळी, पीठ, कांदा हे रोजचे शब्द अनोळखी असतात. डचचे नेमके उलट आहे : स्वयंपाकघर ओळखीचे आणि अग्रलेख अवघड.

ओळखीचे शब्द दगाही देतात. स्पॅनिशमध्ये 'एंबारासादा' म्हणजे लाजलेली नव्हे, गरोदर. 'गिफ्ट' म्हणजे जर्मनमध्ये विष. नॉर्वेजियनमध्ये तोच शब्द विष आणि विवाहित असे दोन्ही अर्थ देतो, यावर अधिक भाष्य करीत नाही. मराठी माणसाला हा अनुभव हिंदीत येतोच. हिंदीत शिक्षा घेतली की माणूस शहाणा होतो, मराठीत शिक्षा झाली की तुरुंगात जातो. हिंदीत चेष्टा केली तर प्रयत्न, मराठीत केली तर भांडण.

स्पॅनिश आणि फ्रेंच एकाच गटात बसवल्या असल्या तरी शिकणाऱ्याचा प्रवास सारखा नसतो. स्पॅनिशमध्ये स्वर पाच, लिहिले तसे वाचायचे. त्यामुळे महिन्याभरात तोंड उघडते. पुढे 'असणे' या एकाच क्रियापदाऐवजी 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन आहेत हे कळते, भूतकाळाची रूपे वाढत जातात, इच्छा आणि शंका व्यक्त करणारी रूपे येतात आणि दुसऱ्या वर्षी वर्ग निम्मा होतो. फ्रेंचमध्ये कष्ट आरंभीच असतात. पाणी या अर्थाच्या शब्दात तीन अक्षरे, ऐकू येतो फक्त 'ओ'. सत्त्याण्णव म्हणायचे तर 'चार वीस दहा सात'. त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला अर्थातच नाही. एक ते शंभर प्रत्येक आकडा वेगळा पाठ करायला लावणाऱ्या मोजक्या भाषांत आपली गणना आहे. पोर्तुगीज कागदावर स्पॅनिशसारखी, कानाला बरीच दूर; आपण तिचे पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले कधीच उचलून घेतले आहेत.

तर मग नॉर्वेजियन पहिली आणि स्पॅनिश दुसरी, असे म्हणून थांबता आले असते. तसे मी म्हणत नाही, त्याला कारण स्वानुभव आहे. ओस्लोत उतरल्यावर पहिल्या सकाळी मी एका पावाच्या दुकानात गेलो. चार वेळा मनात घोळवलेले वाक्य व्यवस्थित बोललो. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिले आणि अस्खलित इंग्रजीत विचारले, "पिशवी हवी आहे का?" तीन आठवड्यांत हेच घडत राहिले, माझी चूक झाली की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येई, चूक झाली नाही तरी येई. डच शिकलेले माझे विद्यार्थीही हेच गाऱ्हाणे सांगतात. याउलट माद्रिदमध्ये एका खानावळीच्या म्हाताऱ्या मालकाला इंग्रजीचा गंधही नव्हता. माझे वाक्य अडखळले की तो हातवारे करी, शब्द सुचवी, माझे क्रियापद दुरुस्त करी आणि बिल मात्र पूर्ण लावी. त्या खानावळीत दहा दिवसांत मी जे शिकलो ते ओस्लोत तीन आठवड्यांत शिकलो नाही. म्हणून माझे मत असे की व्याकरणाच्या वहीत नॉर्वेजियन सोपी आहे, व्यवहारात स्पॅनिश. तिला वीस देशांत अधिकृत स्थान आहे आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी तुम्हाला तीच बोलावी लागते.

शेवटी एक गोष्ट आपल्या मुलांविषयी. ही मुले इंग्रजी माध्यमात शिकतात म्हणून पालक त्यांना 'इंग्रजी बोलणारी' धरतात आणि अमेरिकी तक्ता जसाच्या तसा लावतात. त्या तक्त्यात जपानी सर्वांत शेवटी आहे, आणि जपानी शिकणाऱ्यांची पुण्यात मात्र वाण नाही. लिपी कठीण आहेच; नित्य वापरातल्या चित्रलिपीच्या अधिकृत यादीतच २१३६ चिन्हे आहेत आणि त्यातून सुटका कोणाचीच नाही. पण वाक्यरचनेचे काय? गेल्या वर्षी वर्गातली एक मुलगी "वाताशी वा पुने नि सुन्दे इमासु" या वाक्यापाशी अडली होती. तिने इंग्रजीतून क्रम लावायचा प्रयत्न केला होता आणि वही बाणांनी भरून टाकली होती. मी तिला इंग्रजी खोडायला लावले आणि खाली मराठी लिहायला सांगितले. वाताशी वा, मी तर, पुने नि, पुण्यात, सुन्दे, राहून, इमासु, आहे. एकही बाण लागला नाही. तिने वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "सर, हे तर आमची आजीच बोलते, 'गेली तीस वर्षं मी इथंच राहून आहे.'"