पुस्तक ऐकतेस ना? नाही हो काकू, वाचते

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, नौपाड्यात राहते, नोकरी तुर्भ्याला, म्हणजे रोज सकाळी ठाणे स्टेशनचा नऊ-दहा नंबरचा फलाट आणि नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बरची जी मिळेल ती लोकल. मला दिसत नाही. जन्मापासून नाही हां, रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणून डोळ्याच्या पडद्याचा आजार असतो, त्यात बहुतेकांचं आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेकडेचं जातं, मग मधलंही पुसट होत जातं, तसंच माझं झालं, बारावीपर्यंत मी भिंग लावून वाचायचे आणि एफवायनंतर भिंगसुद्धा कपाटात गेलं. हे आधीच सांगून टाकलं कारण पुढचं सगळं बोलणं पुस्तकांबद्दल आहे आणि मध्येच कोणी चुकचुकायला नको.

तर परवा गाडीत शेजारी एक काकू होत्या. मी कानात एक बड घालून बसलेली, एक कान मोकळा ठेवावाच लागतो, नाहीतर स्टेशन कुठलं आलं ते कळणार कसं. काकूंनी विचारलं, "गाणी ऐकतेस का गं?" म्हटलं नाही काकू, पुस्तक वाचतेय. "म्हणजे ऐकतेयस." म्हटलं नाही, वाचतेय. काकू गप्प. मुलगी उद्धट आहे असं वाटलं असणार त्यांना. तेवढ्यात कोपरखैरणे गेलं, मी दाराकडे सरकले, उतरले, आणि उत्तर माझ्याकडेच राहिलं. ते आज इथे पुरं करते.

काकू, ऑडिओबुक वेगळं. त्यात कोणीतरी नट किंवा नटी पुस्तक वाचून दाखवते, रडायच्या जागी तिचा आवाज आधीच भरून येतो, मग मी काय करायचं? स्क्रीन रीडर तसला नसतो. मोबाईलच्या पडद्यावर जी अक्षरं आहेत ती तो बोलतो, बस. अँड्रॉइडवर त्याचं नाव टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, दोन्ही 2009 पासून आहेत आणि दोन्ही फोनमध्येच असतात, वेगळे पैसे नाहीत. आवाज सपाट. नवऱ्याचं मरण आणि रेल्वेचं टाइमटेबल एकाच सुरात वाचतो. लोकांना हा दोष वाटतो, मला तर हेच पाहिजे असतं, कारण सूर मग माझा मी लावते, जसा तुम्ही छापील पानाला लावता तसा.

आणि मी थांबू शकते. हे महत्त्वाचं आहे. एखादं वाक्य आवडलं तर मागे जाते, पुन्हा वाचते, शब्द शब्द करून वाचते, एखादा शब्द ओळखीचा नसेल तर अक्षर न् अक्षर वाचून बघते, वेलांटी पहिली की दुसरी ते कळतं. कॉलेजात दोन-तीन वर्षं मी नुसती रेकॉर्डिंगं ऐकून अभ्यास केला होता, तेव्हा माझं शुद्धलेखन इतकं बिघडलं होतं की 'आणि'ला मी बिनधास्त दुसरी वेलांटी द्यायला लागले होते आणि कोणी सांगेपर्यंत मला पत्ताच नाही, कारण कानाला दोन्ही सारखंच. फोनवर वाचायला लागल्यावर ते हळूहळू परत आलं. आता सांगा, हे ऐकणं झालं का वाचणं?

बरं, करायचं कसं, कारण मला हे बरेच जण विचारतात, विशेषतः ज्यांचं नुकतंच दिसणं कमी झालंय ते. टॉकबॅक चालू केल्यावर फोन चालवायची पद्धतच बदलते, एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट बोलते, डावीकडे सरकवलं की मागची, उघडायचं असेल तर दोनदा टकटक. पहिले चार दिवस फोन आपटावासा वाटतो. माझ्या भावाने एकदा गंमत म्हणून स्वतःच्या फोनवर टॉकबॅक चालू केलं आणि त्याला ते बंद करता येईना, शेवटी मीच केलं, आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची असतात हे त्याला माहीतच नव्हतं. पुस्तक सलग वाचायचं असेल तर तीन बोटांनी एकदा टॅप करून मेनू काढायचा, त्यात पुढे सलग वाचायचा पर्याय असतो, आणि आयफोनवर तर दोन बोटं खाली ओढली की सुरू. किंडल किंवा प्ले बुक्स या पुस्तकांच्या ॲपमध्ये पान आपलं आपण उलटतं, मध्ये हात लावायला लागत नाही. पण टॉकबॅकची एक गोची आहे, पडदा बंद झाला की तो गप्प होतो. त्यामुळे झोपताना वाचायला मी ॲट व्हॉइस अलाउड रीडर नावाचं ॲप वापरते, ते स्वतःच बोलतं आणि फोन लॉक असला तरी बोलत राहतं, फक्त फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्याला सूट द्यावी लागते नाहीतर फोन बॅटरी वाचवायला त्यालाच झोपवतो. मराठी आवाजासाठी टेक्स्ट टू स्पीचच्या सेटिंगमध्ये मराठी डाउनलोड करून घ्या. हिंदी आवाजावर मराठी वाचू नका, मी काही महिने वाचलंय, कानाला मुंग्या येतात.

आता खरं दुखणं सांगते, फोन शिकता येतो हो, पुस्तक मिळत नाही. म्हणजे मिळतं, पण वाचता येत नाही. मागे एका प्रकाशकाकडून मी रीतसर पैसे भरून पीडीएफ घेतली, आवडत्या विषयावरचं पुस्तक, इतकी खूश होते की ऐरोली यायच्या आधीच उघडली, आणि कानात काय यावं, "प्रश्नचिन्ह के जे". पुढे पण तसलंच, नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. घरी येऊन बहिणीला दाखवलं तर ती म्हणते इथे तर स्वच्छ 'घर' लिहिलंय. झालं होतं असं की डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचे, जे जुने फॉन्ट होते ना, त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वरून नुसता मराठीचा मुखवटा. डोळ्याला घर दिसतं आणि फोनला आत प्रश्नचिन्ह, के आणि जे सापडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षर आतही मराठीच असतं त्यात, टाइप केलं असतं तर हा घोळच नव्हता. प्रकाशकाला मेल केला, उत्तर आलं, "आमच्याकडे फाइल नीट दिसते आहे." दिसते आहे! बरोबरच आहे त्यांचं.

दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या पीडीएफचा. तिथे अक्षरं नसतातच, पानाचा फोटो असतो, फोन काय वाचणार कपाळ. मग ती फाइल गूगल ड्राइव्हवर टाकायची आणि गूगल डॉक्समध्ये उघडायची, तो फोटोतली अक्षरं ओळखून देतो, मराठीसुद्धा, आणि बऱ्यापैकी देतो. पण जुनं छापील पान असेल तर घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल ठरलेली. 'घर सोडून गेला' चं 'धर सोडून गेला' होतं. आता मला सवय झालीये, धर आलं की डोक्यात घर, आपोआप. शिवाय प्रत्येक पानावर पुस्तकाचं नाव आणि पान नंबर छापलेला असतो तोही मध्येच येतो, म्हणजे त्याने आईचा हात हातात घेतला आणि पान एकशे बेचाळीस म्हणाला. याउलट ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, नीट बनवलेलं असलं की सुख असतं, प्रकरणांना हेडिंग दिलेलं असतं, एका झटक्यात सातव्या प्रकरणावर जाता येतं, पानाचा प्रश्नच येत नाही कारण पान नावाची गोष्टच नाही.

कायद्याने आमची बाजू भक्कम आहे हे मात्र सांगायलाच पाहिजे. 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला आणि ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात करून द्यायला मुभा मिळाली. 2013 मध्ये मराकेश करार झाला, अशी पुस्तकं देशादेशांत पाठवता यावीत म्हणून, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. मग 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय आलं, आमच्यासारख्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, तिथे नाव नोंदवलं की पुस्तकं ऑनलाइन उतरवून घेता येतात. तसंच बुकशेअर, तेही असंच ऑनलाइन ग्रंथालय. त्याच वर्षाच्या शेवटी किंडलवर मराठी पुस्तकं यायला लागली, तो महिना मला आठवतो, पगार कुठे गेला ते कळलं नाही. तरी इंग्रजीच्या मानाने मराठी अजून थोडंच आहे. आमच्या बाबांचं ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासदत्व होतं, 1893 सालची संस्था आहे ती, लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा दर वेळी काय घ्यावं यातच अर्धा तास जायचा. ती चैन मला अजून फोनवर मिळालेली नाही. इथे काय वाचावं हा प्रश्न नसतो, काय वाचता येईल हा असतो.

गंमतही होते. एकदा घणसोलीच्या आसपास बडची बॅटरी संपली आणि टॉकबॅक थेट फोनच्या स्पीकरवर सुरू झाला, कादंबरीत नेमका लग्नानंतरचा पहिला प्रसंग चाललेला, डबा खचाखच. माझ्या अंगावर काटा. घाईघाईने दोन बोटं टेकवून बंद केलं. पण मी आवाजाचा वेग इतका जास्त ठेवते की कोणाला ओ की ठो कळलं नव्हतं, एक मुलगी एवढंच म्हणाली, "दीदी, तुमचा फोन बिघडलाय बहुतेक." म्हटलं हो गं, जुना झालाय.

घरी आता नवीनच सुरू झालंय. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढच्या महिन्यात, तोवर पेपर वाचता येत नाही म्हणून तिची चिडचिड. तिला मी टॉकबॅक नाही लावून दिलं, ते तिला झेपणार नाही, सिलेक्ट टू स्पीक लावून दिलं, त्याचं बटण दाबून फोनवरच्या मजकुरावर बोट ठेवलं की तेवढंच बोलतं. वेग अगदी गोगलगायीचा. पहिल्या दिवशी विचारलं, "ही बाई कुठली गं?" मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार, लिहायला अक्षर एकच, त्यामुळे यंत्राची पंचाईत होते, 'जरा'चा 'ज्यरा' करतं कधी कधी. मी वर्षानुवर्षं ते कानाआड करत आले. आई सोडत नाही. काल रात्री आतल्या खोलीतून आवाज येत होता, बाई म्हणतेय "ज्यरा थांबा", आई म्हणतेय "जरा", पुन्हा बोट ठेवतेय, बाई पुन्हा "ज्यरा", आई पुन्हा "जरा गं, जरा", असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे, मला झोप लागली.