हरवलं, ते कुणी सांगायचं?

मंडळी, अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर कामकाजाच्या दिवशी एक यादी लागते. आदल्या दिवशी कुठे काय बिघडलं, याची. कधी वेळ मिळाला तर चाळून बघा, पण एक सांगून ठेवतो, भयंकर कंटाळवाणी आहे. रस्त्याच्या कामावर मातीची घनता मोजायचं यंत्र पिकअप गाडीतून चोरीला गेलं, आत सीझियम हा किरणोत्सारी पदार्थ आहे. पाइपच्या जोडाची गॅमा किरणांनी तपासणी चालली होती, सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा किरणोत्सारी तुकडा, बाहेर काढला तो परत आत जाईना. जुन्या इमारतीतले ट्रिटियम या किरणोत्सारी वायूचे ‘एक्झिट’ दिवे सापडत नाहीत. यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाला किरणोत्सारी इट्रियमच्या सूक्ष्म गोळ्या ठरल्यापेक्षा कमी गेल्या. पानंच्या पानं असंच.

ही यादी सरकारने हौसेने काढलेली नाही. मोठा सोर्स हरवल्याचं कळलं की परवानाधारकाने ताबडतोब फोन करायचा, लहान असेल तर ३० दिवसांच्या आत कळवायचं, असा नियमच आहे. फोन घ्यायला चोवीस तास माणूस बसलेला असतो. शिवाय १९७४ च्या कायद्यानुसार वर्षातल्या गंभीर घटनांचा वेगळा अहवाल तिथल्या संसदेपुढे जातो. एवढं करूनही तिथे वस्तू हरवतात, चोरीला जातात. पण हरवणाऱ्याला सांगायची सवय लागलेली असते, आणि माझ्या मते सगळी मेख या सवयीतच आहे. ती नसली की काय होतं, ते आपण दिल्लीत पाहिलं आहे.

मायापुरी ही दिल्लीतली भंगाराची मोठी बाजारपेठ. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आलेला एक गॅमा सेल होता. नमुन्यांवर किरणांचा मारा करायचं हे जडच्या जड यंत्र, आत शिशाचं जाड कवच आणि कवचात कोबाल्ट-६० च्या पेन्सिली. १९८५ नंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. फेब्रुवारी २०१० मध्ये अडगळीतल्या इतर सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला. भंगारवाल्यांनी ते फोडलं. शिशाला भाव येतो, म्हणजे त्यांच्या दृष्टीने ते चोख काम होतं. आतली चकचकीत धातूची कांडी काय आहे, हे त्यांना कोण सांगणार होतं?

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल, म्हणजे किरणांची तीव्रता निम्मी व्हायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं. म्हणजे १९८५ पासूनच्या पंचवीस वर्षांत त्याची तीव्रता सव्वीस-सत्तावीस पटींनी घटली होती. उरली ती एका माणसाचा जीव घ्यायला पुरली. आणखी काही जण रुग्णालयात गेले. कुणाची कातडी काळी पडली, कुणाचे केस गळले.

अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, ही गोष्ट ७ एप्रिल २०१० रोजी कळली, ती एका खासगी रुग्णालयाकडून. ज्यांच्या मालकीचं यंत्र होतं त्यांच्याकडून नव्हे, लिलाव करणाऱ्यांकडून नव्हे. लक्षणं पाहून डॉक्टरांना शंका आली म्हणून. त्यानंतर मंडळाने आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी कामात कसूर केली, असं मी म्हणणार नाही. गल्ल्या पिंजून काढल्या, तुकडे गोळा केले, निवेदनं काढली. अणुघटनांचं गांभीर्य मोजायच्या आंतरराष्ट्रीय घटनामापन श्रेणीवर मायापुरी चौथ्या पातळीवर गेली. सात पातळ्यांच्या या मोजपट्टीवर जपानच्या तोकाइमुरातला १९९९ चा अपघातही चौथाच आहे. पण हा सगळा उजेड नंतरचा. यंत्र भारतात आलं तेव्हा एईआरबी जन्मालाही आलं नव्हतं, त्याची स्थापना १९८३ ची. जुन्या मालाची नोंद नव्या वहीत चढवायचं काम कुणाचं, हा प्रश्न इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आला नसेल, असं मला वाटत नाही. तो कुणाच्या टेबलावर आला नसेल, एवढंच.

जगभरातल्या मोठ्या घटना काढून बघा, बातमी बहुधा बाहेरच्याच माणसाने दिलेली दिसते. मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरात कर्करोगाच्या उपचाराचं न वापरलेलं यंत्र १९८३ अखेरीस भंगारात गेलं. त्यातल्या कोबाल्टच्या बारीक गोळ्या वितळून सळयांमध्ये मिसळल्या. हे उघड झालं १६ जानेवारी १९८४ ला, तेही सळया घेऊन निघालेला एक ट्रक वाट चुकून अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या दारावरून गेला आणि तिथला संवेदक ओरडला म्हणून. तोवर त्या सळयांनी घरं उभी राहिली होती, ती पुढे पाडावी लागली. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ मध्ये भंगारवाल्याची बायकोच सीझियमची पिशवी घेऊन बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत गेली. घरातले सगळे का आजारी पडताहेत, हे तिनेच ताडलं. त्या घटनेत चार जण दगावले, त्यांत ती स्वतः होती.

आपल्या महाराष्ट्राचं नावही या यादीत येऊन गेलं आहे. २००८ मध्ये फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टची बटणं कोबाल्टने दूषित निघाली. तिथल्या वीसेक कामगारांना सामान्य नागरिकासाठी ठरलेल्या वर्षाला एक मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचं हे एकक) या मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती. तिथल्या नियामकाने घटनेला दुसरी पातळी दिली. पोलाद भारतातून गेलं होतं आणि माग राज्यातल्या एका फाउंड्रीपर्यंत आला. मूळ सोर्स कुणीतरी कधीतरी भंगारात टाकला असणार. त्याने कुणाला फोन केला नाही.

याउलट जानेवारी २०२३ मधलं पश्चिम ऑस्ट्रेलिया बघा. खाणीतून पर्थला निघालेल्या उपकरणातली सीझियमची कुपी १४०० किलोमीटरच्या रस्त्यात कुठेतरी पडली. जाडी ६ मिलिमीटर, उंची ८. २५ तारखेला पेटी उघडल्यावर कळलं, २७ ला सरकारने जनतेला सांगितलं. काय सांगितलं तेही ऐका: दिसली तर पाच मीटर लांब राहा, हात लावू नका, त्या रस्त्याने गेला असाल तर टायरच्या खाचा तपासा. १ फेब्रुवारीला शोधपथकाची गाडी ताशी ७० किलोमीटरने जात असताना उपकरणाने इशारा दिला, कुपी रस्त्याच्या कडेला दोन मीटरवर होती. मधले दोन दिवस गप्प का बसलात, म्हणून तिथे सरकारला धारेवर धरलं गेलं. दोन दिवस! आणि गंमत अशी की तिथल्या १९७५ च्या कायद्यात अशा चुकीला जास्तीत जास्त दंड होता एक हजार डॉलर. म्हणजे कंपनीने कळवलं ते दंडाच्या धाकाने नक्कीच नव्हे.

आता आपल्याकडचा एक आकडा सांगतो आणि थांबतो. कॅगने २०१२ मध्ये एईआरबीच्या कारभाराचं लेखापरीक्षण केलं. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ केंद्रं नोंदणीशिवाय चाललेली आढळली. एक्स-रे यंत्र बंद केलं की किरणं बंद होतात, तेव्हा कोबाल्टची भीती इथे लावू नका. त्यानंतर परवान्यांचं काम ऑनलाइन आलं, हेही सांगायला हवं. पण ज्या यंत्राची नोंदच नाही, त्याच्यापाशी काही बिघडलं, एखाद्या तंत्रज्ञाला जास्त मात्रा मिळाली, तर त्याने कुणाला कळवायचं आणि कळवलं तर आधी स्वतःच अडकायचं का? समोर काही डॉक्टर मंडळी आणि एक्स-रे तंत्रज्ञ बसलेले दिसताहेत. याचं उत्तर मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे, माइक त्यांच्याकडे द्या.