मजुरीचा भाव कोणी ठरवायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

१८७३ साली महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवलं होतं. त्या सुटकेनंतर गुलामांच्या हाती काय लागलं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

गुलामगिरीवरून अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात लढली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. त्याच आठवड्यात अध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली गेली. १९ जूनला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन गावी उत्तरेच्या जनरल ग्रेंजरने सुटकेचा हुकूम काढला. आजही तो दिवस तिथे सणासारखा साजरा होतो. पण हुकुमात पुढे काय होतं? धनी आणि गुलाम हे नातं संपलं, यापुढे मालक आणि मजूर हे नातं राहील. तेव्हा सुटलेल्यांनी आहे तिथेच शांतपणे राहून मजुरीने काम करावं.

मजुरी किती, याचा मात्र त्यात उल्लेख नव्हता.

सुटलेल्यांना हवी होती जमीन. पिढ्यान्‌पिढ्या कापूस त्यांनीच पिकवला होता, घाम त्यांचाच जिरला होता. उत्तरेच्याच जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये समुद्रकाठची जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. लोकांनी पेरणी केली, झोपड्या बांधल्या. आणि नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी जुन्या मालकांना माफी देऊन जमिनी परत करायला सुरुवात केली.

ही बातमी सांगायला जनरल हॉवर्ड ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर गेले. सुटलेल्यांसाठी काढलेल्या सरकारी खात्याचे ते प्रमुख होते, मनाने भले होते आणि युद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. मालकांना क्षमा करा, असं त्यांनी लोकांना विनवलं. त्यावर बेटावरच्या लोकांनी त्यांना जे पत्र लिहिलं, ते वाचताना माझा गळा दाटून येतो. त्यांचं म्हणणं असं: तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि आता त्याचंच शेत त्याच्याच दराने पिकवल्याशिवाय जो मला रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला मी क्षमा कशी करू?

‘त्याच्याच दराने’ हे शब्द लक्षात ठेवा. सारं भांडण तिथेच आहे.

नोव्हेंबरमध्ये मिसिसिपी राज्याने कायदे केले. दर जानेवारीत प्रत्येक काळ्या माणसाकडे कामाचा लेखी पुरावा हवा. मुदतीआधी काम सोडलं, तर केलेल्या कामाचीही मजुरी बुडाली. हाताला काम नसेल तर तो भटक्या ठरणार, त्याला दंड होणार. दंड भरता आला नाही, तर जो भरेल त्याच्याकडे शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, त्याला राबायला देणार. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने पुढे असे कायदे मोडून काढले, मताचा हक्कही दिला. पण जमीन मिळाली नाही. मग अर्ध्या वाट्याने शेती, बियाणं आणि पीठमीठ उधारीवर, हिशेबाची वही मालकाच्या घरात. कापूस निघाला तरी देणं बाकीच. आपल्याकडे सावकाराच्या ओट्यावर उभं राहिलेल्या कुणब्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि तरीही, श्रोतेहो, जून १८६६ मध्ये याच मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातल्या धुणं धुणाऱ्या बाया एकत्र जमल्या. कालपरवापर्यंत ज्यांची स्वतःचीच किंमत बाजारात ठरत होती, अशा काळ्या बाया. त्यांनी महापौरांना पत्र लिहून आपला दर कळवला: दिवसाला दीड डॉलर, कुटुंबाच्या धुण्याचे महिन्याला १५ डॉलर, एकट्या माणसाच्या धुण्याचे १०. आणि आपल्यातलीच कोणी हा दर मोडील, तर तिला दंड. तो दंड किती, हे शेरीफ ठरवणार नव्हता. त्या बायाच ठरवणार होत्या.